ओस्टरलोची फेरी आणि माझं कॅप्टनपद

७ डिसेंबर, रविवार

पाऊस. सायकली शेडमध्येच. त्याऐवजी ह्यूबर्टच्या घरी मीटिंग. आमचा रविवारचा सायकल गट चार माणसांचा, पण त्याला सेक्रेटरी आहे, विषयपत्रिका आहे, आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून मंजूर झाल्याशिवाय कुणी चाकात हवा भरत नाही. सेक्रेटरी अर्थात ह्यूबर्ट. जमीन नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून त्याला नोंदायला जमीन मिळत नाही, म्हणून आम्हाला नोंदतो. कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्किट, मग डब्याचं झाकण बंद.

विषय चार, कॅप्टनपद. सूचना डाउत्झनची. म्हणाली, गेर्लोफ इतकी वर्षं पुढे राहून आम्हाला नेतोय, पण त्याला निवडलं कधी? मी म्हणालो, निवडायची वेळच आली नाही, मी होतोच. ह्यूबर्टने जुनी इतिवृत्तं चाळली आणि म्हणाला, 'होतोच' अशी नोंद कुठे सापडत नाही बाबा.

ठरलं असं: जानेवारीत मोठी हिवाळी फेरी, आणि त्या दिवशी दुपारी सूप पिताना मतदान. उमेदवार दोन, मी आणि डाउत्झन. फेरी आखायची मी, कारण तोपर्यंत कॅप्टन मीच.

डाउत्झन बाई फ्रीसलँडची, उत्तरेकडच्या तळ्या-होड्यांच्या मुलखातली. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात आली, गुडघे-खांदे दुरुस्त करायचा दवाखाना काढला, आणि पुढच्याच रविवारी आमच्यात घुसली. बोलते कमी. निघायच्या आधी नकाशा बघते. आत्मविश्वास नसला की माणसाचं असं होतं.

मला अजिबात काळजी नाही.

८ डिसेंबर

संकल्प. रोज पहाटे सहाला शेडमध्ये रोलरवर, म्हणजे जागच्या जागी, सायकल मारायची. चीज बंद. ह्यूबर्टशी गोड बोलायचं.

९ डिसेंबर

सहाला उठलो. शेडमध्ये थंडी इतकी की रोलरचा रबर कडक झालेला. रबराचं आयुष्य कमी होतं अशाने. परत येऊन झोपलो. रबरासाठी.

१० डिसेंबर

रबराची परिस्थिती तीच. चीज खाल्लं, पण जुनं होतं. टाकून देण्यापेक्षा बरं.

१४ डिसेंबर, रविवार

धुक्यात छोटी फेरी. पुढच्या माणसाचं काम काय, तर वारा छातीवर घ्यायचा आणि रस्त्यात जे येईल ते ओरडून मागे कळवायचं. आमच्या सायकलवाटांच्या तोंडाशी मधोमध खांब रोवलेले असतात, मोटारी घुसू नयेत म्हणून. पुढचा ओरडतो, खांब. मागचा त्याच्या मागच्याला ओरडतो, खांब. सोपं आहे.

आज खांब मी बघितला होता. ओरडायच्या बेतात होतो. तेवढ्यात युरियेनने स्वतःच तो शोधला. गवतात पडला, लागलं नाही फारसं, अंगाने भरलेला माणूस आहे. बेकरी चालवतो. पडल्या पडल्या म्हणाला, अरे मी आडवा झाल्यावर कसला खांब खांब करतोयस? मी म्हणालो, माहिती बरोबरच होती, वेळ जरा मागेपुढे झाली. डाउत्झन त्याचा गुडघा दाबून बघत होती. एवढ्यासाठी गुडघा दाबायची गरज नव्हती, पण निवडणुकीच्या दिवसांत माणसं काहीही करतात.

२० डिसेंबर

हिशेब मांडला. डाउत्झनचं मत डाउत्झनला. माझं मला. ह्यूबर्ट माझ्या बाजूने असणार, कारण त्याला बदल आवडत नाही, गेली तीस वर्षं तोच रेनकोट वापरतो. उरला युरियेन.

आज मुद्दाम त्याच्या बेकरीत गेलो. गिऱ्हाइकांची गर्दी होती, तरी विषय काढला. युरियेन पीठ मळता मळता म्हणाला, हे बघ गेर्लोफ, मला राजकारण कळत नाही. जो मला बारा वाजता गरम वाटाण्याच्या सूपसमोर बसवील त्याला माझं मत. मागच्या हिवाळ्यात तू दोनला बसवलंस, तेही डुकरांच्या गोठ्याच्या मागे, थर्मॉस घेऊन.

ती फेरी त्याला कळलीच नाही. शेतीचं दर्शन होतं ते.

पण मुद्दा समजला. बारा वाजता सूप. एवढंच हवं असेल तर कॅप्टनपद माझ्या खिशात आहे.

२१ डिसेंबर, रविवार

फेरीचा मार्ग सुचला. अंघोळ करताना सुचला. चांगल्या गोष्टी तशाच सुचतात.

ओस्टरलो. नदीपलीकडचं खेडं, तिथे आल्ये नावाच्या बाईचं कॅफे, अगदी पाण्याच्या काठावर. आल्येचं वाटाण्याचं सूप असं की चमचा उभा राहतो, वर धुरी दिलेलं सॉसेज, बाजूला काळा पाव आणि मोहरी. आणि तिथे जायचं कसं, तर पुलावरून नाही. कॅफेच्या बरोबर समोर, अलीकडच्या काठावर साखळीचा तराफा आहे. आपण सायकलींसकट उभं राहायचं, साखळी हाताने ओढायची, तराफा पलीकडे. उतरलं की समोर सूप. जुलैत मी आणि माझी बायको मीनेके त्यावरूनच गेलो होतो, तिच्या मांडीवर आइस्क्रीम सांडलं होतं, नीट आठवतंय.

आणखी एक डाव. इथे सगळे जाताना वाऱ्याविरुद्ध जातात आणि येताना वारा पाठीवर घेऊन येतात. पिढ्यान् पिढ्या. मी उलट करणार. जाताना वारा पाठीशी. सगळे हसत, गप्पा मारत ओस्टरलोला पोचतील, ताजेतवाने, आणि त्याच मूडमध्ये मत देतील. येताना वारा तोंडावर असेल, पण तोवर मतदान झालेलं असेल.

मीनेकेला सांगितलं. तिने विचारलं, हिवाळ्यात तो तराफा चालू असतो का रे? मी म्हणालो, हिवाळ्यात नदी कुठे गावाला जाते का. ती परत भांडी घासायला लागली. पटलं असावं.

मार्ग कुणालाही सांगायचा नाही. सांगितला की डाउत्झन घरी बसून बघणार, शंका काढणार, आणि माझ्या कल्पनेला आपलं नाव लावणार.

३१ डिसेंबर

वर्षअखेर. मीनेकेने मनुकांचे गोळे तळले. मी खाणार नव्हतो. एक खाल्ला, तेल नीट तापलंय का बघायला. मग पुढच्या घाण्याचाही बघावा लागला. पाहुणे आले तेव्हा सोबत म्हणून. साखर भुरभुरलेली असल्यामुळे मोजता आले नाहीत.

संध्याकाळी ह्यूबर्ट शुभेच्छा द्यायला आला. जाता जाता म्हणाला, मार्ग कळवलास तर विषयपत्रिकेला जोडतो. मी म्हणालो, मार्ग कॅप्टनच्या डोक्यात आहे. तो म्हणाला, डोकं जोडता येत नाही रे. गोड बोललो, निरोप दिला.

५ जानेवारी

वजन जरा जास्त दाखवतंय. काटा जुना. नवीन हिवाळी सायकल-पँट घातली, ती घट्ट निघाली. दुकानदाराने चुकीचा नंबर दिला असणार. चिठ्ठीवर माझाच नंबर आहे, पण चिठ्ठीही त्याचीच.

११ जानेवारी, रविवार

बर्फाळ रस्ते, फेरी रद्द. चांगलं झालं, ताकद राखून ठेवायला हवी.

दुपारभर शेडमध्ये भाषण तयार केलं. मतमोजणी झाल्यावर करायचं. सुरुवात अशी: मित्रहो, इतकी वर्षं तुम्ही माझ्या पाठीमागे राहिलात. मधे जरा गंभीर: पुढे असणं म्हणजे वारा खाणं. शेवट: रस्ता कुठे जातो हे महत्त्वाचं नाही, आपण एकत्र जातो हे महत्त्वाचं. शेवटचं वाक्य म्हणताना मला स्वतःलाच भरून आलं. मीनेके दार उघडून म्हणाली, कुणाशी बोलतोयस? म्हटलं, रोलरशी. ती म्हणाली, बरं, निदान त्याच्याशी संबंध तरी आलाय.

१७ जानेवारी, शनिवार

उद्या. सायकल पुसली. साखळीला तेल. थर्मॉस नाही, कारण सूप आहे. डबा नाही, कारण सूप आहे. मीनेकेने ब्रेडवर चॉकलेटचा चुरा घालून दोन सँडविच बांधून दिली, ती मी परत फ्रिजमध्ये ठेवली. सूपवर विश्वास नाही असं दिसायला नको. ही रोजनिशी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात नेणार. निवडून आल्याची नोंद जागेवरच झाली पाहिजे.

वारा उद्या नैर्ऋत्येचा, चांगला जोराचा. माझ्याच बाजूने.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी आठ

मीनेके अंथरुणातूनच म्हणाली, सँडविच ने रे. नाही नेली. आकाश करडं, गवतावर पांढरं दव गोठलेलं.

अकरा वाजता, बांधावरच्या बाकावर

फेरी झकास. वारा पाठीशी असल्यामुळे सगळे फुलपाखरासारखे चाललेत. युरियेन दोनदा म्हणाला, आज पाय हलके वाटतायत, काय जादू केलीस? मी फक्त हसलो. खांब सगळे वेळेवर ओरडलो. एक तर नव्हता तरी ओरडलो, तयारी म्हणून. शेतातून राजहंस उठले. ह्यूबर्टने त्यांची संख्या विचारली, कुणाला माहीत नव्हती.

डाउत्झन मागून येऊन विचारत होती, वारा पाठीवर घेऊन इतकं लांब आलो, परत जाताना काय करणार आहेस? मी म्हणालो, परत जाण्याचा विचार करणारी माणसं कुठे पोचत नाहीत. ती म्हणाली, मला संध्याकाळी घरी पोचायचंय, बस एवढंच. सामान्य महत्त्वाकांक्षा.

सूप जवळ आलं. युरियेनला सांगितलं, बाराच्या आत. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ते मत धरायला हरकत नाही.

पावणेबारा, नदीकाठ

एक किरकोळ अडचण.

नदी आहे. पलीकडे आल्येचं कॅफे आहे, चिमणीतून धूर, खिडक्यांत दिवे. तराफाही आहे, आमच्याच काठाला बांधलेला. पण त्यावर फळी ठोकली आहे: ऑक्टोबरअखेर ते ईस्टर, बंद.

ह्यूबर्टने फळी वाचली. मग मोठ्याने वाचली. मग म्हणाला, हे इथल्या सगळ्या साखळी-तराफ्यांचं असतं, दर हिवाळ्यात, आमच्या लहानपणापासून. युरियेन नुसता पलीकडच्या धुराकडे बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

डाउत्झनने नकाशा काढला. पूल वरच्या अंगाला आहे. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जायचं, मग पलीकडच्या काठाने खाली यायचं. तासभर लागेल, दम काढणारं आहे, पण जमेल, असं ती म्हणाली.

मी म्हणालो, फळी ही सूचना असते, हुकूम नसतो. दोरी सोडायची, साखळी ओढायची, पाच मिनिटांचं काम. डाउत्झन खाली वाकून म्हणाली, साखळी ज्यावरून सरकते ती चाकं काढून नेलेली आहेत रे, घासून अडकेल. मी म्हणालो, जिला भीती वाटते तिने पुलावरून यावं. युरियेन म्हणाला, मला पोहता येत नाही गेर्लोफ, मी पुलावरून. ह्यूबर्ट म्हणाला, बंदीचं उल्लंघन करताना सेक्रेटरी हजर असणं बरं दिसत नाही.

तिघं गेले. डाउत्झन पुढे, बाकी दोघं तिच्या मागे, वाऱ्यात डोकी खाली घालून. जाऊ देत. ते दमून येतील तेव्हा मी खिडकीजवळच्या टेबलाशी चार वाडगी मांडून बसलेला असेन. यापेक्षा चांगला प्रचार कोणता?

सव्वाबारा, तराफ्यावर

उत्तम चाललंय. चाकं नाहीत हे खरं, पण साखळी फळ्यांच्या फटीतून ओवून घेतली. ओढायला जड आहे. व्यायाम होतोय. रोलरची भरपाई.

साडेबारा, तराफ्यावर

नदीच्या मधोमध. साखळीची एक कडी फटीत रुतली आहे. जोर लावला, आणखी रुतली. उलट ओढली, उलट बाजूनेही रुतली. पक्की बनावट आहे.

जरा थांबून विचार करणार.

पाऊण, तराफ्यावर

विचार झाला. कडी तशीच. हातमोजे ओले. सायकल तराफ्याच्या कठड्याला टेकवून मी तिच्या आडोशाला बसलोय. सायकलचा आडोसा फारसा होत नाही, नळ्याच असतात सगळ्या.

वारा मधेच वळून त्या काठावरून येतो तेव्हा सूपचा वास येतो. वाटाणे, सॉसेज, थोडी सेलरी. फ्रिजमधली सँडविच डोळ्यांसमोर येतात. एकटं वाटतंय. हे लिहून ठेवतो, पण कुणाला सांगण्यासारखं नाही.

सव्वा वाजता

आले. तिघंही, लालभडक तोंडं घेऊन, पलीकडच्या काठावर. डाउत्झन अजून पुढेच. युरियेन हात तोंडाशी धरून ओरडला, काय झालं रे? मी ओरडलो, काही नाही, नदी बघतोय. तो ओरडला, मधोमध थांबून? मी ओरडलो, इथूनच नीट दिसते.

डाउत्झन ओरडून म्हणाली, कॅफेची होडी आहे, घेऊन येऊ का? मी म्हणालो, गरज नाही, निघतोच आहे, तुम्ही आत जा, सूप गार होईल. कॅप्टनने इतरांचा आधी विचार करायचा असतो. मग तिघं आत गेले. मला वाटलं होतं आणखी एकदा तरी विचारतील.

फोन काढला. थंडीने बंद पडला.

थोड्या वेळाने

मोठ्या खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतंय. वाडगी आली. युरियेनने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. माझेही मिटले. डाउत्झनने आल्येला काहीतरी सांगितलं, दोघींनी माझ्याकडे बघितलं, आल्येने मान हलवली. माझ्यासाठी सूप बाजूला काढून ठेवायला सांगत असणार.

आणखी थोड्या वेळाने

इतका वेळ उगीच मन खट्टू करून घेतलं.

आत्ता ह्यूबर्ट खिडकीपाशी येऊन उभा राहिला, माझ्याकडे तोंड करून, आणि त्याने हात वर केला. मग टेबलाशी बसलेल्या युरियेनने हात वर केला. मग डाउत्झननेही. तिघांचे हात वर, माझ्या दिशेने. चेष्टा नव्हती, चेहरे गंभीर होते. ह्यूबर्ट तर अगदी ताठ उभा. मित्रांनी अशी मानवंदना द्यावी याहून आयुष्यात काय हवं असतं? मीही उठलो. एक हात वर केला. मग बरं वाटलं म्हणून दोन्ही केले. ह्यूबर्टने मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानेही येतं. ते दिसू नये म्हणून पटकन खाली वाकलो आणि जरा वेळ साखळी तपासत बसलो. मन भरून आलंय. हे लोक माझेच आहेत.

संध्याकाळी सहा, घरी, गरम पाण्यात पाय

आजचा दिवस माझा.

अडीचच्या सुमाराला डाउत्झन आल्येची होडी वल्हवत आली. मी तसाही निघणारच होतो. बाई फ्रीसलँडची असल्यामुळे वल्ही बरी मारते. खिशातून पाना काढला, एका बाजूने टोचला, कडी सुटली. मी दोन तास ती सैल करून ठेवली होती, म्हणून सुटली. माझा काळानिळा चेहरा बघून ती एवढंच म्हणाली, बोलू नकोस, बस.

सूप संपलं होतं. आल्ये म्हणाली, तुमचं काय ते कळेना, मग युरियेनने घेतलं. युरियेन तोंड पुसत म्हणाला, वाया जाऊ नये म्हणून रे. मला पाव मिळाला, मोहरी भरपूर होती.

मतदानाचा विषय कुणी काढला नाही. साहजिक आहे. माझी एवढी मानवंदना झाल्यावर मतं कसली मागायची. डाउत्झनने मनातल्या मनात माघार घेतली असणार. मला वाटलं, चांगला क्षण आहे, आणि उभा राहून भाषण केलं. पूर्ण. मित्रहो, इतकी वर्षं तुम्ही माझ्या पाठीमागे राहिलात, इथपासून. दात वाजत होते, तरी एक शब्द विसरलो नाही. वारा खाण्याच्या वाक्याला युरियेन खाली वाडग्यात बघायला लागला. शेवटच्या वाक्याला आल्ये काउंटरमागे नाक पुसत होती. ह्यूबर्ट उठला आणि त्याने चक्क माझा हात हातात घेऊन हलवला. आजवर त्याने माझ्या वाढदिवसालाही एवढा वेळ हात हलवला नव्हता. म्हणाला, फार मोठ्या मनाने केलंस गेर्लोफ. डाउत्झन म्हणाली, मला वाटलं नव्हतं तू असं घेशील. मी म्हणालो, घ्यायला शिकावं लागतं. नक्की काय ते विचारलं नाही, पण कौतुकाचंच होतं.

परत येताना वारा तोंडावर. डाउत्झन न सांगता पुढे गेली आणि अख्खा रस्ता पुढेच राहिली. मी जाऊ दिलं. हरलेल्या माणसाला थोडं काम दिलं की बरं वाटतं. खांबसुद्धा तीच ओरडत होती, वेळेवर ओरडत होती. एकही चुकला नाही. तिला दुय्यम कॅप्टन करावं असा विचार आहे. पुढच्या बैठकीत मांडतो.

मीनेकेला सांगितलं, जिंकलो. ती म्हणाली, किती मतांनी? मी म्हणालो, मतांपलीकडचं होतं ते. तिने पाण्यात आणखी एक किटली ओतली.

१९ जानेवारी, सोमवार

उजवा खांदा धरलाय. साखळी ओढण्याचा परिणाम.

सकाळी दवाखान्यात जाता जाता डाउत्झन येऊन गेली. मीनेकेने तिला बोलावलं होतं म्हणे. खुर्चीत बसवलं, म्हणाली, हात वर कर बघू. छातीच्या वर जाईना. दुसरा कर. तोही जाईना. ती म्हणाली, आश्चर्य आहे, काल तर दोन्ही वर गेले होते.

मी म्हणालो, काल मनाची उभारी वेगळी होती, तुम्ही सगळ्यांनी तशी मानवंदना दिल्यावर.

ती माझा खांदा दाबायची थांबली. मीनेके स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डाउत्झन म्हणाली, गेर्लोफ, ते मतदान होतं. ह्यूबर्ट म्हणाला, सभासद खिडकीतून दिसतोय म्हणजे हजर आहे, विषय घेता येईल. तुला कळावं म्हणून तो मुद्दाम काचेपाशी येऊन उभा राहिला. नावं एबीसीडीच्या क्रमाने घ्यायची असतात, जीच्या आधी डी, म्हणून माझं आधी. डाउत्झनला कॅप्टन करण्याच्या बाजूने कोण? आम्ही हात वर केले, तूही केलास. दोन्ही केलेस. युरियेनला तर गहिवरून आलं. म्हणाला, बघा, बिचारा थंडीत उभा राहून स्वतःविरुद्ध मत देतोय, दोन धरा त्याची. ह्यूबर्टने नियम बघून एकच धरलं. आणि नंतर तू ते निरोपाचं भाषण केलंस ना, तेव्हा मला खरंच लाज वाटली, तुझ्याबद्दल मी किती वाईट विचार करत होते.

मी विचारलं, म्हणजे चार विरुद्ध शून्य?

ती म्हणाली, नियमाप्रमाणे तुझंही नाव पुकारलं होतं रे. गेर्लोफच्या बाजूने कोण. आम्ही थांबलो, तुझ्याकडे बघितलं. तू खाली वाकून साखळी बघत होतास.